नव्या विशेषनामांचे ‘अर्थ’ : नामसूचींची एक चिकित्सा

१. विषयाची मर्यादा

बालकाचे नाव ठरविण्याच्या प्रसंगी सुशिक्षित मराठी कुटुंबात आज प्रथम चाळली जाते ती नामसूची. पूर्वी हा ग्रंथप्रकार पंचांगाच्या पाठीमागच्या चार पानांपुरता होता. आता तो स्वतंत्र पुस्तकांच्या रूपाने व त्याहूनही अधिक प्रमाणात संगणकीय याद्यांच्या रूपाने प्रचारात आहे. त्याची मांडणी सर्वत्र एकच असते. एका बाजूस नाव आणि समोर एकदोन शब्दांत त्याचा ‘अर्थ’. नावाची भाषा कोणती, ते कोणत्या ग्रंथात आढळते, कोणत्या धातूपासून किंवा कोणत्या मार्गाने आले, याविषयी सूची सहसा मौन पाळते. तरीही आईवडील, आजीआजोबा आणि पुढे शाळेतील शिक्षक या एकदोन शब्दांवरच विसंबतात. मूलही आपल्या नावाचा अर्थ म्हणून तेच आयुष्यभर सांगत राहते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रूढ झालेल्या काही नावांच्या आधारे या ‘अर्थां’ची चिकित्सा करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नव्या नावांची थट्टा करणे हा त्याचा हेतू नाही. तशी थट्टा वृत्तपत्रांतून पुष्कळ होते व तिच्यातून भाषाशास्त्राला काहीही लाभत नाही. दोष असलाच तर तो नाव ठेवणाऱ्यांचा नसून अर्थ पुरविणाऱ्यांचा आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. ‘अर्थ’ म्हणजे काय?

विशेषनामाचा ‘अर्थ’ म्हणताना तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली व्युत्पत्ती, म्हणजे शब्दाचा उगम व त्याचा इतिहास. दुसरी संकेत, म्हणजे ते नाव कानी पडताच त्या समाजाला जे सुचते ते: जात, प्रदेश, पिढी, एखादी देवता किंवा एखादे नाटकातील पात्र. तिसरी आकांक्षा, म्हणजे मुलाने काय व्हावे याविषयीची आईबापांची इच्छा. ‘सई’ हे नाव घेतले तर व्युत्पत्ती स्पष्ट आहे. संस्कृत ‘सखी’, प्राकृत ‘सही’, आणि दोन स्वरांमधील हकार लोपून मराठी ‘सई’. संकेत आहे तो शिवछत्रपतींच्या राणी सईबाई यांचा. आकांक्षा घराघरांत निराळी असेल. येथे तिन्ही गोष्टी एकमेकींस बाधक नाहीत. परंतु पुष्कळ नव्या नावांच्या बाबतीत नामसूची आकांक्षेलाच व्युत्पत्तीचा पोशाख चढविते. वादाचा खरा मुद्दा हाच आहे.

प्रत्येक नावाला व्युत्पत्ती असलीच पाहिजे हा आग्रहही तपासून पाहण्याजोगा आहे. सर्व नामे धातूंपासून निघतात हे शाकटायनाचे मत व त्याविरुद्ध गार्ग्याचा आक्षेप, हा वाद यास्काने निरुक्ताच्या आरंभीच नोंदविला आहे. मार्ग व्यापतो म्हणून घोड्याला अश्व म्हणावयाचे, तर मार्ग व्यापणाऱ्या कोणालाही अश्व म्हणावे लागेल, असा गार्ग्यपक्षाचा बिनतोड प्रश्न होता. पुढे पतंजलीने शब्दांच्या प्रवृत्तीचे जाति, गुण, क्रिया व यदृच्छा असे चार प्रकार मानले. यांपैकी यदृच्छाशब्द म्हणजे ठेवणाऱ्याने केवळ स्वेच्छेने ठेवलेले नाव. वैयाकरणांनी त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणून ‘डित्थ’ हे नाव घेतले, ते त्याला व्युत्पत्ती नाही म्हणूनच. निरर्थक नावाला संस्कृत व्याकरणात मानाचे स्थान होते. ते स्थान नाकारतात त्या आजच्या नामसूची.

३. ध्वनी आधी, अर्थ मागाहून

नावाची निवड अर्थावरून होते, हा समज परंपरेच्या इतिहासाला धरून नाही. महाभाष्याच्या पस्पशाह्निकात व्याकरणाध्ययनाचे एक प्रयोजन म्हणून नामकरणाचा नियम उल्लेखिला आहे. नावाच्या आरंभी घोषवर्ण असावा, मध्ये य-र-ल-व यांपैकी अंतःस्थ असावा, आद्य स्वर वृद्धिसंज्ञक नसावा, नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, ते कृदन्त असावे व तद्धितान्त नसावे. पूर्वजांशी व शत्रूशी संबंधित असे आणखी दोन दंडक सोडले, तर बाकीचे सर्व नियम ध्वनीचे व रूपाचे आहेत. अर्थाचा त्यांत उल्लेख नाही. मुलीच्या नावाविषयी पारस्कर गृह्यसूत्र सांगते की ते विषम अक्षरांचे व आकारान्त असावे. जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढण्याची पद्धती, जिच्यात सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण मिळून १०८ अक्षरे होतात, तीही अर्थनिरपेक्षच आहे.

आता ‘विवान’ हे नाव या कसोटीवर पाहावे. आरंभी घोषवर्ण आहे, मध्ये अंतःस्थ आहे, आद्य स्वर वृद्धी नाही, आणि मराठी उच्चारात अंत्य अकार लोपल्यामुळे अक्षरे दोनच उरतात. ‘मायरा’, ‘कियारा’, ‘अनाया’ व ‘शनाया’ ही चारही मुलींची नावे लिहिताना तीन अक्षरांची व आकारान्त आहेत. ज्यांना ही नावे परकी वाटतात त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, ध्वनीच्या बाबतीत ती सूत्रकारांनाही फारशी खटकली नसती. ‘विवान’ अडतो तो कृदन्ताच्या कसोटीवर, म्हणजे व्याकरणाच्या दारात.

हीच प्रक्रिया अमेरिकेत अधिक स्पष्टपणे अभ्यासता येते, कारण तेथील सामाजिक सुरक्षा प्रशासन १८८० पासूनच्या जन्मवर्षांची नामगणना प्रसिद्ध करते. या शतकाच्या प्रारंभी तेथे एडन, ब्रेडन, हेडन, जेडन, केडन अशी नावे एकदम वाढली. एडन हे ‘अग्नी’वाचक आयरिश शब्दापासून आलेले, ब्रेडन हे आयरिश आडनाव, हेडन हे इंग्रज ग्रामनामावरून पडलेले. उगमांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नाते आहे ते केवळ यमकाचे. ‘जेडन’साठी तर तेथील नामसूचींनी बायबलच्या जुन्या करारातील एक क्वचित आढळणारे नाव शोधून त्याचा अर्थ चिकटविला. ‘नेव्हाए’ हे नाव म्हणजे स्वर्गवाचक इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटी लिहून केलेली रचना. १९९९ साली ते संपूर्ण अमेरिकेत केवळ आठ मुलींना दिले गेले होते. एका गायकाने आपल्या मुलीचे हे नाव दूरचित्रवाणीवर सांगितल्यानंतर २००५ साली ते मुलींच्या नावांत सत्तराव्या क्रमांकावर पोहोचले. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन यांनी ‘अ मॅटर ऑफ टेस्ट’ (२०००) या ग्रंथात नावांच्या फॅशनला स्वतःची अंतर्गत गती असते, असे प्रतिपादन केले आहे. एक ध्वनी रुचला की त्याच्याभोवती नावांचे कूळ वाढत जाते.

मराठीतील ‘-आन’ वर्ग (विवान, विहान, रियान, कियान, अयान) व ‘-अंश’ वर्ग (शिवांश, वेदांश, दिव्यांश, रेयांश, अयांश) ही अशीच कुळे होत. कुळातील एकदोन नावे सार्थ असतात व बाकीची त्यांच्या सावलीत जन्मतात.

४. काही नोंदींची तपासणी

आरव. बहुतेक सूचींत ‘शांत’ असा अर्थ दिलेला असतो. अमरकोशाच्या शब्दादिवर्गात ‘आरव’ हा शब्द नाद, ध्वनी, निर्घोष यांच्या पंक्तीत बसविला आहे. ‘रु’ म्हणजे आवाज करणे या धातूला ‘आ’ उपसर्ग लागून तो सिद्ध होतो. अर्थ ओरड, गलबला. ज्या ‘रव’ शब्दाला ‘निस्’ उपसर्ग लागून ‘नीरव’ म्हणजे शांत होतो, त्याच ‘रव’ शब्दाचा हा सख्खा भाऊ. सूचीकाराने अभावाचा उपसर्ग गाळला आणि अर्थ मात्र ठेवला. तान्ह्या मुलाला ‘आरव’ हे नाव वस्तुतः शोभून दिसते, पण ते सूची सांगते त्या कारणाने नव्हे.

विवान. ‘विष्णूचे एक नाव’, ‘सूर्यकिरण’, ‘जीवनाने परिपूर्ण’ असे तीन अर्थ सापडतात. पहिला दावा पडताळण्यास सोपा आहे. विष्णुसहस्रनाम महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे आणि त्यात हे नाव नाही. दुसऱ्याचे मूळ सूर्यवाचक ‘विवस्वान्’ या शब्दाच्या अर्धवट स्मरणात दिसते. ‘-वान्’ हा प्रत्यय नामाला लागतो. ‘वि’ या उपसर्गाला तो लागू शकत नाही. तिसऱ्या अर्थाला आधार हवा असल्यास लॅटिनकडे जावे लागेल, संस्कृतकडे नव्हे. ‘विवान’ हा आजचा डित्थ आहे, असे म्हणणेच प्रामाणिकपणाचे ठरेल. त्यात त्या नावाचा कोणताही अपमान नाही.

विहान. अर्थ ‘पहाट’ असा दिलेला असतो व तो बरोबर आहे. मात्र नाव ‘शुद्ध संस्कृत’ असल्याचे सांगितले जाते ते तपासून पाहावे लागते. पूर्वेकडील हिंदी बोलींत व भोजपुरीत सकाळ या अर्थी ‘बिहान’ शब्द नित्याच्या वापरात आहे. ‘वि’ उपसर्ग व ‘भा’ (प्रकाशणे) धातू यांतील भकाराचा हकार होणे हे प्राकृतचे लक्षण. त्या बोलीशब्दाच्या आरंभीच्या बकाराचा वकार करून त्याला संस्कृताची झळाळी देण्यात आली. म्हणजे शेतावर पहाटे निघणाऱ्या माणसाच्या तोंडचा हा शब्द आहे, आणि ही माहिती कोणत्याही ऋषीच्या नावाहून कमी आकर्षक नाही.

रेयांश. या नावाचे ‘प्रकाशाचा अंश’, ‘विष्णूचा अंश’ असे अर्थ दिलेले आढळतात. याच्यामागे ‘श्रेयांस’ हे प्राचीन नाव उभे आहे, असे अनुमान करता येते. श्रेयांसनाथ हे जैनांचे अकरावे तीर्थंकर. हे नाव ‘अधिक श्रेष्ठ’ या अर्थाच्या ‘श्रेयस्’ शब्दाचे रूप असून त्यात दन्त्य सकार आहे. ‘अंश’ शब्दाचा त्याच्याशी काही संबंध नाही. लोकव्युत्पत्तीने ‘श्रेयांस’चे ‘श्रेयांश’ केले, ‘अंश’ हा स्वतंत्र घटक मानला, आणि मग तो शिल्लक राहिलेल्या कोणत्याही अक्षरांना जोडणे शक्य झाले. या वर्गाच्या उच्चाराचाही विचार व्हावा. शकारापूर्वीचा अनुस्वार मराठीत अनुनासिक वकारासारखा उच्चारला जातो: ‘संशय’ म्हणजे ‘संव्शय’, ‘अंश’ म्हणजे ‘अंव्श’. शाळेच्या पटावर रोमन लिपीत नाव लिहिले जाऊ लागल्यापासून मराठी मुलेही ‘अन्श’ असा हिंदी वळणाचा उच्चार करू लागली आहेत. मराठीची एक ध्वनिवैशिष्ट्यपूर्ण लकब अशा रीतीने हजेरीपटावरून पुसली जात आहे.

कियारा. सूचींत कोठे ‘तेजस्विनी’ तर कोठे ‘काळ्याभोर केसांची’ असे परस्परविरोधी अर्थ आढळतात, आणि दोन्हींना आधार आहे. इटालियन ‘क्यारा’ हे लॅटिन ‘क्लारा’, म्हणजे उजळ, यापासून आले. आयरिश भाषेत जवळजवळ त्याच ध्वनीचे नाव कृष्णवर्णवाचक शब्दापासून झाले आहे. परंतु मराठी घरात हे नाव यांपैकी कोणत्याही वाटेने आलेले नाही. २०१० सालच्या ‘अंजाना अंजानी’ या हिंदी चित्रपटातील नायिकेच्या नावावरून त्याचा प्रसार झाला. विशेष असे की, लॅटिन ‘क्लारा’ हा शब्द पोर्तुगीजांच्या मार्गाने गोव्याच्या व वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत कित्येक पिढ्यांपूर्वीच नाव म्हणून रुजला होता. एकच शब्द कोकणपट्टीत दोनदा उतरला. पहिल्यांदा चर्चमधून, दुसऱ्यांदा चित्रपटगृहातून.

अनाया, मायरा, शनाया. ‘अनाया’ला अरबी ‘इनाया’ (काळजी, कृपा) हा आधार सयुक्तिक आहे. संस्कृतात आधार शोधू गेल्यास ‘अनय’ म्हणजे दुर्नीती वा विपत्ती हाती लागते. ‘मायरा’ हे इंग्रज कवी फल्क ग्रेव्हिल याने आपल्या काव्यातील नायिकेसाठी योजलेले नाव. त्याच्या मृत्यूनंतर, १६३३ साली, ते काव्य छापले गेले. ‘शनाया’ला सूची ‘सूर्याचा पहिला किरण’ म्हणते. तथापि मराठी प्रेक्षकांच्या मनात त्या नावाचा संकेत ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६–२०२१) या मालिकेतील पात्राने ठरविला. छापील अर्थ एक आणि समाजाने लावलेला अर्थ दुसरा. दैनंदिन व्यवहारात दुसराच चालतो.

मिलिंद. हे नाव नवे नाही, पण सूची किती हानी करू शकते हे दाखविण्यासाठी ते घेणे अगत्याचे आहे. सूचींत अर्थ असतो ‘भुंगा’. संस्कृत कोशांत तसा शब्द आहे हेही खरे. परंतु महाराष्ट्रात हे नाव मोठ्या प्रमाणावर रूढ झाले ते १९५६ च्या धर्मांतरानंतरच्या बौद्ध समाजात, सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा या नावांच्या सोबतीने. भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा व उत्तरे पटल्यावर ती मान्य करणारा यवन राजा मिनँडर, पालीत मिलिंद, हा त्याचा उगम. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील महाविद्यालयाला डॉ. आंबेडकरांनी हेच नाव दिले. एका समाजाने विचारपूर्वक निवडलेले, ज्ञानाच्या जिज्ञासेचे हे प्रतीक ‘भुंगा’ या एका शब्दात बंद करणे म्हणजे त्या निवडीचा इतिहासच खोडणे होय.

५. उरण-पनवेलचा पुरावा

नव्या नावांच्या अभ्यासास नवी मुंबई हे क्षेत्र अनेक दृष्टींनी अनुकूल आहे. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या भूमीवर नवे शहर वसविण्याचे ठरले. आगरी, कोळी, कातकरी या मूळ रहिवाशांच्या शेजारी घाटावरचे मराठी, गुजराती, मल्याळी, तमिळ, उत्तर भारतीय असे कुटुंबसमूह येऊन राहिले. जुन्या व नव्या नावांचे थर येथे अगदी लगत सापडतात.

दोन स्मारकांवरील नावे या दृष्टीने बोलकी आहेत. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्यातील हुतात्म्यांत धाकू गवत्या, आलू बेमट्या, रामा बामा, हसुराम बुध्या, नाग्या महादू ही नावे आहेत. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी त्याच तालुक्यात जासई परिसरात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्यांची नावे नामदेव, रघुनाथ, केशव, महादेव व कमलाकर. वडिलांची शंकर, अर्जुन, महादेव, हिरा व कृष्णा.

एवढ्या अल्प सामग्रीवरून आकडेवारीचा निष्कर्ष काढणे गैर होईल. परंतु दोन प्रकारांतील भेद डोळ्यांत भरतो. पहिल्या यादीतील कित्येक नावे शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपोआप उलगडतात. धाकू म्हणजे धाकटा, बुध्या म्हणजे बुधवारी जन्मलेला, गवत्यामागे गवत व नाग्यामागे नाग. ही नावे बोलीतून निघालेली असून त्यांचा अर्थ समजण्यास सूचीची गरज नाही. दुसऱ्या यादीतील बहुतेक नावे देवतांची व संतांची आहेत. त्यांचा अर्थ कथाकीर्तनातून कळतो. त्याच गावांतील आजच्या घरांत विवान व मायरा आढळली तर तो तिसरा थर होय, आणि या थरातील नावाचा अर्थ कळण्यास प्रथमच छापील यादी उघडावी लागते. बोली, पुराण, सूची असा हा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर नावाचा अर्थ त्या माणसाच्या स्वतःच्या भाषेपासून एकेक पाऊल दूर गेला आहे. मात्र त्याबरोबरच आणखीही एक गोष्ट घडली: नावावरून जात ओळखण्याची सोय प्रत्येक टप्प्यावर कमी झाली. ‘विवान’ आगरी, ब्राह्मण वा सिंधी यांपैकी कोण, हे केवळ नावावरून सांगता येत नाही. नव्या नावांचे मूल्यमापन करताना हा लाभ विसरता येत नाही.

६. उसने नाव व मराठी पेहराव

परभाषेतील नावे घेणे हा मराठीला नवा अनुभव नाही. मालोजीराजांच्या पुत्रांची शहाजी व शरीफजी ही नावे परंपरेनुसार अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून ठेवली गेली. दौलतराव, हैबतराव ही नावे अरबी शब्दांवरून झाली. ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे स्वरूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे नावाने अरबी व निष्ठेने वारकरी होते. परंतु त्या काळी उसने नाव मराठीत शिरताना ‘-जी’, ‘-राव’, ‘-बा’ यांपैकी एखादा प्रत्यय धारण करी व मराठी होऊन जाई. ‘धोंड’ या एकाच प्रकृतीपासून धोंड्या, धोंडू, धोंडो, धोंडोबा, धोंडोजी, धोंडोपंत अशी सलगीपासून आदरापर्यंतची शिडी तयार होत असे. ‘कियान’ला अशी शिडी नाही. तो पाळण्यात, कचेरीत व म्हातारपणी एकाच रूपात राहणार.

विभक्तीच्या बाबतीतही हेच दिसते. ‘सीतेने’, ‘राधेचा’, ‘यशोदेला’ अशी आकारान्त स्त्रीनामांची सामान्यरूपे मराठीत प्रतिष्ठित होती. हयात व्यक्तींच्या नावांत ती ‘शोभाला’, ‘सीमाचा’ या पिढीपासूनच मागे पडू लागली. ‘मायरेला’ हे रूप तर कोणाच्या तोंडी येतच नाही. ध्वनींची निवडही तशीच आहे. गोपाळ, बाळाजी, मंगळा, कमळा यांतील ळकार, विठ्ठल, पांडुरंग, धोंडू यांतील मूर्धन्य वर्ण, चोखा या नावातील दंततालव्य चकार, यांपैकी कशालाही नव्या नावांत सहसा स्थान मिळत नाही. कारण उघड आहे. शेजारच्या गुजराती वा मल्याळी कुटुंबाला, परदेशातील शिक्षिकेला व रोमन लिपीला जे झेपेल तेच नाव निवडले जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत नील, जय, माया, रोहन अशी दोन्हीकडे खपणारी नावे आधीच प्रिय झाली होती. नवी मुंबईसारख्या बहुभाषी शहरात तीच गरज घराच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली आहे.

७. अर्थ जेथे जीवनमरणाचा होतो

नावाच्या अर्थाला महत्त्वच नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे होईल. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक व शूद्राचे जुगुप्सावाचक असावे, असा दंडक आहे. येथे अर्थ हे उतरंड टिकविण्याचे साधन होते. दृष्ट लागू नये म्हणून दगडू, केरू, भिकू अशी नावे ठेवण्याची लोकरीत याहून भिन्न. तिच्यात मूल जगावे ही व्याकूळ इच्छा होती. अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जन्मलेल्यासही धोंडू म्हणत. धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले तेव्हा त्या नावातील धोंडा कोणालाही आठवला नसेल. व्यक्तीच्या कर्तृत्वाने व्युत्पत्ती झाकली जाते.

पण ती सर्वांचीच झाकली जात नाही. मुलगाच हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव ‘नकुशा’, म्हणजे नकोशी, ठेवण्याची रीत सातारा जिल्ह्यात व इतरत्र होती. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींचे समारंभपूर्वक पुनर्नामकरण झाले. ‘नकुशा’ या नावाला सूची लागत नव्हती. ते हाक मारणाऱ्या प्रत्येकाला कळत होते, हेच त्याचे दुःख. ज्या समाजात काही मुलींना असे पारदर्शक नाव वागवावे लागले, तेथे एखाद्या आईने केवळ ध्वनी गोड म्हणून अपारदर्शक नाव निवडले, तर त्या निवडीत एक प्रकारची मुक्ती आहे, हे समीक्षकाने मान्य केले पाहिजे.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा. नवी नावे ध्वनीवरून निवडली जातात. हे परंपरेशी विसंगत नाही व निंद्यही नाही. निंद्य आहे ती त्यांच्यावर मागाहून चढविलेली बनावट व्युत्पत्ती. तिच्यामुळे अरबी, फारसी, लॅटिन, आयरिश, पाली व प्राकृत उगमांवर एकच संस्कृताचा शिक्का उमटतो आणि मराठी समाजाच्या बहुविध संपर्कांचा पुरावा नाहीसा होतो. वि. का. राजवाडे यांनी व्यक्तिनामे, आडनावे व ग्रामनामे यांच्या व्युत्पत्तीसाठी अपार परिश्रम केले. त्यांचा संस्कृताकडील ओढा मान्य केला, तरी ते आपल्या प्रत्येक पायरीचा हिशेब वाचकांपुढे मांडीत, त्यामुळे त्यांचे खंडनही करता येते. आजची सूची एकही पायरी दाखवीत नाही. म्हणून तिचे खंडन करण्यापूर्वी तिचे विधान काय आहे तेच शोधावे लागते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या क्षेत्रात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. नवी मुंबई, पनवेल व उरण येथील शाळांचे जुने-नवे पट परवानगीने पाहून, व्यक्तींची ओळख प्रकट न करता, नावांच्या पहिल्या घटकांची पिढीवार नोंद करावी. प्रत्येक नावासमोर चार रकाने असावेत: ग्रंथातील किंवा बोलीतील आधार, व्याकरणदृष्ट्या सिद्धी, ध्वनिपरिवर्तनाचा क्रम, आणि ते नाव त्या परिसरात कोणत्या वाटेने आले, याविषयी कुटुंबातील वडीलधाऱ्यांचे निवेदन. चौथा रकाना सर्वांत मोलाचा, कारण तो सांगणारी माणसे आज हयात आहेत. पहिल्या तीन रकान्यांत ‘नाही’ असे लिहावे लागले तरी संकोच करू नये. ज्या नावाला व्युत्पत्ती नाही त्याच्यासमोर ‘यदृच्छा’ एवढेच लिहावे. पतंजलीच्या काळापासून ती एक पूर्णपणे समाधानकारक नोंद आहे.